आई काय म्हणून हाक मारते

परभणी,
२० नोव्हेंबर १९८८

प्रिय नर्मदा,

हे पत्र तुझ्याआधी आबासाहेब उघडतील, म्हणून आधी त्यांना नमस्कार करून ठेवते. आबासाहेब, वाचून झाल्यावर पाकीट पुन्हा चिकटवून आपल्या लेकीच्या हातात द्यावं ही विनंती. तुमच्याबद्दल यात फारसं वाईट नाही. जे थोडंसं आहे ते खरं आहे.

तर नर्मदे, आपल्या खोलीतली तुझी खाट मी अजून कुणाला दिलेली नाही. नवीन हाऊसमन यायचीय म्हणून मेट्रननं दोनदा विचारलं. मी सांगितलं, त्या खाटेत ढेकूण झालेत. ढेकूण झालेत हे खरं, पण ते माझ्या खाटेत. तुझी पुस्तकं तशीच आहेत. ‘मी परत येणार नाही, पुस्तकं तू वापर,’ अशी चिठ्ठी उशीखाली ठेवून तू गेलीस. ती वाचल्यावर मला रडू यायच्या आधी राग आला, आणि खरं सांगते, अडीच महिने झाले तरी तो गेलेला नाही. मला दोन वर्षं शेजारच्या खाटेवर झोपून ओळखतेस, आणि जाताना पुस्तकं देऊन जातेस? माझी पुस्तकं तर तूच हरवली होतीस.

याआधीच्या दोन पत्रांना उत्तर नाही. मग मी ट्रंककॉल लावला. तासभर ताटकळल्यावर आबासाहेबांचा आवाज आला, ‘आमची नर्मदा आता डाक्टरकी करनार न्हाई बघा. लय झालं.’ मी विचारलं, हे तिचं म्हणणं की तुमचं? त्यावर फोन ठेवल्याचा आवाज आला. (आबासाहेब, हेच ते थोडंसं.) सेलूचं एक स्थळ आलंय असंही कानावर आहे. स्थळ चांगलं असेल तर जरूर लग्न कर, मी येऊन पंगतीला वाढेन. पण डॉक्टरकी सोडायला निमित्त हवं म्हणून लग्न करू नकोस. पिंगळीकर सरांनी तुझी जागा या महिन्याच्या अखेरीपर्यंत मोकळी ठेवली आहे. त्यानंतर टर्म रद्द, परीक्षा नाही, डिप्लोमा नाही. दोन वर्षं आपण दोघींनी या स्मारक रुग्णालयात जी हाडं झिजवली ती वाया जातील. म्हणून हे तिसरं पत्र लिहायला बसले आहे. लांब होणार आहे, मधेच ठेवून देऊ नकोस.

त्या दिवसाबद्दल आपण दोघी कधी बोललोच नाही. शनिवारच्या बैठकीत तू बोललीस, पण केस मांडतात तसं, कागद बघत, आवाज न चढवता. संध्याकाळी मी ड्यूटी संपवून आले तर तू गेलेली होतीस. तेव्हा आज मीच लिहून काढते, मी पाहिलं तसं. तू गेले काही महिने डोक्यात जे घोळवते आहेस त्याच्याशी ते ताडून बघ.

दुपारची पॅसेंजर येऊन गेली होती. चुडाव्याहून सुलाबाई आणि त्यांचा भाऊ लेकीला घेऊन आले, स्टेशनापासून रिक्षात. पहिलटकरीण, माहेरी बाळंतपणाला आलेली, कळा सुरू होऊन बराच वेळ झालेला, आणि लुगडं रक्तानं भिजलेलं. बाई अर्धवट शुद्धीत होती. तू केस पेपर घेतलास आणि नाव विचारलंस. सुलाबाई म्हणाल्या, ‘कडू. कडूबाई भगवानराव, चुडावा.’ तू तेवढंच लिहिलंस. कुणीही तेवढंच लिहिलं असतं. जिनं जन्म दिला तिनं नाव सांगितल्यावर आणखी कुणाला विचारायचं? हिच्या आधीचे दोन मुलगे गेले होते, म्हणून हिचं नाव कडू ठेवलं, मृत्यूच्या तोंडाला ती बरी लागू नये म्हणून. हे आपल्याला पुढे कळलं.

बाळ झालं, रडलं. पिशवी मात्र आवळेना. मी आत मूठ घालून दाबून उभी राहिले आणि तुला रक्ताला पाठवलं. गट निघाला ओ निगेटिव्ह, जो आपल्याकडे वर्षातून चार वेळा लागतो आणि आठ वेळा मिळत नाही. रक्तपेढीच्या फ्रिजमध्ये त्या गटाची एकच बाटली होती. तू ती हातात घेतलीस. तिच्यावरच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं, ‘सौ. सुमन व्यंकटराव, चारठाणा. राखीव.’ तू ती वाचलीस आणि बाटली परत ठेवलीस.

सर त्या दिवशी नांदेडला होते आणि राखीव बाटलीला त्यांच्या परवानगीशिवाय हात लावायचा नाही असा त्यांचा नियम. पण तू नियमाच्या भीतीनं ती ठेवली नाहीस, हे बैठकीत तू बोलली नसलीस तरी मला माहीत आहे. तुझ्या मनात आलं की ही सुमन कुठल्याही घटकेला येईल, तिच्याही अंगात रक्त कमी असेल, आणि तिच्या वाट्याचं आपण दुसरीला देऊन बसलेलो असू. मग तू कृषी विद्यापीठाच्या वसतिगृहात फोन केलास. पोरं सायकली हाणत आली, व्हरांड्यात रांग लागली. त्यांतल्या एकाचा गट जुळला, त्याच्या दंडाला पट्टा बांधला, बाटली भरायला लागली, आणि इकडे माझ्या हाताखाली ती गेली. उन्हं अजून खिडकीत होती.

संध्याकाळी तिचा नवरा चारठाण्याहून एसटीनं आला. पायऱ्यांवर तू समोर होतीस. टोपी हातात धरून त्यानं विचारलं, ‘सुमनला बाटली लावली का? माझ्या चुलतभावाचं रक्त हाय त्यात. सरांनीच ठिवून घेतलंय.’ त्याच्या खिशात तिचं कार्ड होतं. नववा लागल्यावर त्यानं तिला सरांना दाखवून नेलं होतं. मग ती माहेरी गेली आणि कार्ड सासरी राहिलं. ‘कडू’ हे नाव सासरी कुणाला आवडलं नव्हतं. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीनं सुमन असं लिहिलं आणि त्या दिवसापासून ती चारठाण्यात सुमन झाली. चुडाव्यात ती कडूच होती. तिची बाटली तिच्यापासून वीस पावलांवर होती.

तू त्या वेळी पायऱ्यांवर खाली बसलीस ते मी पाहिलं. 

आता जे लिहिणार आहे ते मी तुला तोंडावर सांगायला हवं होतं. ‘राखीव’ या शब्दाशी माझी जुनी ओळख आहे. एमबीबीएसच्या पहिल्या आठवड्यात एकानं विचारलं होतं, ‘तुमची जागा खुली का राखीव?’ तेव्हापासून तो शब्द कुठं ना कुठं माझ्या मागे उभा असतो. मी चांगला टाका घातला तरी, आणि चुकले तर मग विचारूच नकोस. नर्मदे, माझ्या आयुष्यात असे लोक फार कमी आले, की ज्यांनी राखीव वाचलं आणि हात मागे घेतला. बहुतेकांना दुसऱ्याच्या वाट्याचं जे असतं ते आपल्याच ताटातून गेल्यासारखं वाटतं. तू न पाहिलेल्या एका बाईचा वाटा सांभाळलास. ती बाई तुझ्यासमोरच टेबलावर होती हे तुला कुणी सांगितलं नव्हतं. तुझं काळीज जागेवर होतं आणि आपल्या केस पेपरात एक ओळ कमी होती. चूक कुठली यातली, ते तूच सांग.

सरांनी अहवालात लिहिलं, ‘नातेवाईकांनी चुकीचे नाव सांगितले. निवासी डॉक्टरने खातरजमा केली नाही.’ बैठकीत ते वाचलं गेलं तेव्हा तू मान खाली घातलीस आणि मी वर केली. दुसऱ्या वाक्याचा मला राग आलाच, पण पहिल्याचा जास्त आला. चुकीचं नाव कुणी सांगितलं? सुलाबाईंनी लेकीचं खरं नाव सांगितलं. व्यंकटरावांनी बायकोचं खरं नाव सांगितलं. त्या बाईचं एकही नाव खोटं नव्हतं. मी त्याच दिवशी ठरवलं की हे वाक्य त्या कागदावर राहू द्यायचं नाही. तू असतीस तर म्हणाली असतीस, सत्यशीला, परीक्षा तोंडावर आहे, गप बस. तू नव्हतीस, त्यामुळे मला गप बसवायला कुणी नव्हतं.

सरांकडे गेले. म्हटलं, मला दिलेला अभ्यासाचा विषय बदलून हवा. (त्या लोहाच्या गोळ्या मोजायला मला तसंही जिवावर आलं होतं.) वॉर्डात आणि ओपीडीत येणाऱ्या प्रत्येक बाईला मी दोन्ही नावं विचारणार, आणि जुन्या कागदांत दोन्ही नावांनी शोधणार. सर म्हणाले, ‘हा काय विषय झाला? हे संशोधन नाही, चावडीवरच्या गप्पा आहेत.’ मी म्हटलं, गप्पा तर गप्पा, करू का? ते म्हणाले, गोळ्या मोजून झाल्यावर कर. म्हणजे मी दोन्ही केलं.

सुरुवातीला माझीच फजिती झाली. मी विचारायचे, ‘तुमचं जुनं नाव काय?’ बायका चमकायच्या. ‘जुनं काय न्हाई, हेच हाय.’ माहेरचं नाव जुनं झालं असं कुठल्या बाईला वाटतं? मग विचारलं, ‘माहेरचं नाव काय?’ तर सगळ्या बापाचं आडनाव सांगायला लागल्या. आडनावाशी माझं काय काम? मला तर आयुष्यभर लोकांनी नाव कमी आणि आडनावच जास्त विचारलंय. तुला आठवतं, पहिल्या दिवशी तुझ्या आईंनी डबा उघडायच्या आधी माझं आडनाव विचारलं होतं, आणि मी तोंड उघडायच्या आत तू म्हणालीस, ‘आई, तिचं आडनाव डॉक्टर.’ त्यावर त्यांनी मला भाकरीवर ठेचा वाढला. तुझ्याशी माझी मैत्री तिथं झाली, ते तुला कधी सांगितलं नाही.

पंधरा दिवस असे वाया गेले. मग एकदा एका पोरसवद्या बाईला मी वैतागून विचारलं, ‘बरं, तुझी आई तुला काय म्हणून हाक मारती?’ आणि तिचा चेहराच बदलला. हसली, पदर तोंडाला लावला, म्हणाली, ‘बकुळा. इथं कुनाला ठाव न्हाई ते.’ त्या दिवसापासून मी तोच प्रश्न विचारते. कुठलीही बाई तो टाळत नाही. काही हसतात, काहींच्या डोळ्यांत पाणी येतं. गंगाखेडकडची एक म्हणाली, ‘मला तीन नावं हायत बाई. बापानं ठिवलेलं एक, नवऱ्यानं ठिवलेलं एक, आन् सासू हाक मारती ते, ‘अगं ए’.’ वॉर्डभर हसू पसरलं. बाळंतपण होऊन तिला तास झाला नव्हता. मीच तिला सांगितलं, टाके ओढतील, हसू नकोस.

हसण्यावर जाऊ नकोस, निघालं ते गंभीर आहे. दर तीन बायकांमागे एकीला माहेरी एक आणि सासरी दुसरं नाव आहे. पहिलं बाळंतपण माहेरी, पुढची सासरी, त्यामुळे एकाच बाईचे आपल्याकडे दोन-दोन केस पेपर पडलेत, एकाला दुसऱ्याचा पत्ता नाही. गेल्या महिन्यात बोरीकडची मंगल नावाची बाई आली, ताप होता. सिस्टरनं पेनिसिलिन सिरिंजमध्ये भरलं होतं. मी नेहमीप्रमाणे विचारलं, आई काय म्हणून हाक मारती? ‘बायना,’ ती म्हणाली, ‘बायनाबाई.’ सिस्टरला म्हटलं, थांबा जरा. जुन्या गठ्ठ्यांतून बायनाबाई काढली तर वरच लाल शाईनं लिहिलेलं, पेनिसिलिनची जबर रिॲक्शन, थोडक्यात वाचली. सिस्टरनं ती सिरिंज मोरीत रिकामी केली आणि स्टुलावर बसल्या. मी नव्या कागदावरही लाल शाईनं तेच लिहिलं. मंगल, म्हणजे बायना, आठवड्यानं लेकरू घेऊन घरी गेली. त्यातलं तिला काही कळलं नाही, आणि कळवायची गरजही नव्हती.

मग मी शनिवारच्या बैठकीत बोलायची वेळ मागितली. आकडे मांडले, बायनाबाईचे दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. मागणी दोनच. केस पेपरवर ‘आई काय म्हणून हाक मारते’ अशी ओळ छापावी, आणि त्या अहवालातलं ते वाक्य काढावं. सर म्हणाले, ओळीचं बघू, पण झाल्या अहवालाला आता कशाला हात लावायचा? ‘नावात एवढं काय आहे, सत्यशीला? पेशंट सांभाळणं महत्त्वाचं.’

मी म्हटलं, ‘सर, हे तुम्ही मराठवाड्यात विचारताय.’

नर्मदे, मला भांडायचं नव्हतं, पण तोंडून निघून गेलं ते गेलं. तू तेव्हा पाथरीला शाळेत असशील. अठ्ठ्याहत्तरला विद्यापीठाला एक नाव द्यायचं ठरलं म्हणून आमच्या वस्तीतली घरं जळाली. आमचे पंडित गुरुजी, म्हणजे माझे वडील, दहा वर्षं झाली रोज पेपर उघडून आधी त्या बातमीचं काय झालं ते बघतात आणि मग चहा घेतात. नावात काही नसतं तर एवढे लोक एवढी वर्षं कशाला अडून बसले असते, देणारेही आणि मागणारेही? हे सगळं मी बोलले नाही. एवढंच म्हटलं, ‘सर, त्या आईला गावात कुणीतरी तो अहवाल वाचून दाखवला असणार. आपण लिहिलंय की तिनं चुकीचं नाव सांगितलं.’ सरांनी चष्मा काढला, पुसला आणि पुढची केस मांडायला सांगितली. सर वाईट नाहीत ग. त्या दिवशी ते नांदेडला नसते तर त्यांनी तिला चेहऱ्यानं ओळखलं असतं, हे त्यांनाही खात असणार. ते कबूल करण्यापेक्षा अहवाल लिहिणं सोपं गेलं त्यांना.

सोमवारी त्यांनी मला बोलावून कागद पुढे केला. जुनी दोन्ही वाक्यं खोडलेली होती. वर स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं, ‘रुग्णाची दोन नावे होती. रुग्णालयाने एकच विचारले.’ खाली सही. मी वाचेपर्यंत ते खिडकीबाहेर बघत होते. मग म्हणाले, ‘ती जोशीली पोरगी कुठंय? तिला सांग, हे वाक्य तिच्यासाठीपण आहे.’ नर्मदे, तुला जोशीली म्हणणारा जगात हा एकच माणूस उरला असेल. नवे केस पेपर छापून आलेत. ओळ मी म्हटली तशीच आहे. सरांना ती बोलीभाषा वाटत होती, पण मी हट्ट सोडला नाही.

सुटीच्या दिवशी मी पॅसेंजर धरून चुडाव्याला गेले. कुणी पाठवलं नव्हतं, पण ते वाक्य तिथं पोचवल्याशिवाय मला चैन पडेना. सुलाबाई ओसरीवर कापूस निवडत होत्या. मला त्यांनी ओळखलं आणि बसायला पोतं टाकलं.  शेजारणीकडून कळलं की त्या दिवसापासून त्यांनी लेकीचं नाव तोंडातून काढलेलं नाही, कुणाला काढूही दिलेलं नाही. मी कागद उघडला तेव्हा त्या म्हणाल्या, ‘वाचू नका बाई. मला ठाव हाय काय लिवलंय. म्या नाव सांगितलं आन् लेक गेली. सुमन म्हनले आसते तर वाचली आसती. माझ्याच जिभेनं मारलं तिला.’

मी त्यांचं न ऐकता वाचलं. त्यांनी पुन्हा वाचायला लावलं. मग विचारलं, ‘म्हंजी माझं नाव चुकलं न्हवतं?’ मी म्हटलं, नाही, आमचं विचारणं चुकलं होतं. कापसातला हात थांबला, आणि त्या मोठ्यानं रडायला लागल्या, आणि रडता रडता ‘कडे, माझे कडे’ म्हणून हाका मारायला लागल्या. शेजारच्या बाया धावत आल्या. मी तिथंच बसून राहिले, मलाही आवरलं नाही. निघताना त्यांनी ताक दिलं आणि तुझी चौकशी केली. ‘ती दुसरी डाक्टरीन कुठं हाय?’ मी सांगितलं, घरी गेलीय.  बाळाची खबरही तिथंच कळली. पोरगी चारठाण्यात आहे, व्यंकटरावांच्या वहिनीच्या अंगावर पिते आणि बाळसं धरतेय.

तुला वाटत असेल की आता सगळं मार्गी लागलं, ओळ छापली, वाक्य बदललं, मग मला कशाला बोलावतेय. परत आलीस तर पायऱ्या त्याच आहेत, फ्रिज तोच आहे, हे मला कळतं. पहिल्या दिवशी तुझे हात कापतील. कापू देत, मी शेजारी असेन. पण घरी बसून राहिलीस तर ते कापायचे थांबतील असं मला वाटत नाही. सेलूला गेलीस तरी नाही.

आता हे पत्र आजच का लिहिलं ते सांगते. काल दुपारी सुलाबाई आल्या. सोबत धाकटी लेक, चतुरा. सासरी तिचं नाव रेखा. पहिलटकरीण आहे, दिवस भरत आलेत, आणि गट बहिणीचाच, ओ निगेटिव्ह. मी केस पेपरवर दोन्ही नावं लिहिली. बाटलीची सोय झाली आहे, तिच्यावरही दोन्ही नावं आहेत. तपासायला पडदा ओढला तर सुलाबाई मधे उभ्या राहिल्या. ‘तुमचं काय वाईट न्हाई बाई, पर मला ती दुसरी पायजे.’ मला वाटलं, जाब विचारायचा असेल. म्हटलं, ती कशाला? त्या म्हणाल्या, ‘माझी लेक गेली तवा समद्यांनी माझा अंगठा मागितला. ती एकटी पायऱ्यांवर बसून रडायली व्हती. जिला रडू आलं, तिला ठाव हाय काय गेलं ते. हिला मी तिच्याच हातात देनार.’ सर स्वतः आले, त्यांनाही त्यांनी तपासू दिलं नाही. कालपासून त्या फाटकाशी गाठोडं घेऊन बसल्यात. रिक्षा थांबली की उठून आत कोण आहे ते बघतात आणि पुन्हा बसतात. मघाशी मला विचारलं, ‘कवा यायलीय ती?’ पुरावा हातात असल्याशिवाय मी पेशंटच्या माणसाला काही सांगत नाही, हे तुला माहीत आहे. पण मी म्हटलं, निघालीय, मंगळवारी सकाळपर्यंत पोचते. पाकीट पाथरीच्या एसटीच्या ड्रायव्हरच्या हातात देते आहे, म्हणजे तुला ते उद्याच मिळेल. नर्मदे, मी त्या बाईला तुझं नाव सांगून बसले आहे. ते चुकीचं ठरू देऊ नकोस.

तुझीच,
सत्यशीला